घर लहान, पण कुणाच्या मापाचं?

‘मॉड्युलर’ हा शब्द आपल्याकडे आधी स्वयंपाकघरातून शिरला. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, मग भिंतीत दुमडणारे पलंग आले. आता तर घराचे भाग कारखान्यात तयार करून, ट्रकवरून आणून, जागेवर बोल्टांनी जोडता येतात. कल्पना मला मनापासून आवडते. बांधकामाचा राडारोडा कमी, पाण्याची बचत, आणि उद्या घर हलवायचं झालंच तर सांगाडा उकलून पुन्हा वापरता येतो. जागा महाग आणि कुटुंबं लहान होत असताना असली घरं वाढणारच. माझा प्रश्न वेगळाच आहे. ही घरं बेतताना माप कुणाचं घेतात?

लहान जागेत राहणं आपल्याला काही नवं नाही. सकाळी वळकटी गुंडाळली की झोपायच्या खोलीची बैठकीची खोली व्हायची. पाट मांडले की तिथंच जेवणघर. एकावर एक मडकी रचलेली उतरंड, भिंतीतला कोनाडा, छताला टांगलेलं शिंकं, वरचा माळा हे सगळं मॉड्युलरच होतं की! फरक एवढाच, की ते वापरणाऱ्या बाईच्या हाताच्या अंतरावर होतं.

मुंबईतल्या बीडीडी चाळी घ्या. 1920 च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या, 160 चौरस फुटांची एकेक खोली. संडास सामाईक, पाण्यासाठी भांडणं. त्या हालांचं कौतुक करायचं कारण नाही. आता तिथल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळू लागली, वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या, याचा आनंदच आहे. पण त्या चाळीत खोलीबाहेरचा लांब पॅसेज हा घराचाच भाग होता. तिथं धान्य निवडलं जायचं, मुलं अभ्यासाला बसायची आणि शेजारणीचा डोळा असायचा.

झोपडपट्टी पुनर्वसनात मात्र सगळा हिशेब चौरस फुटांवर येऊन थांबला. 1995 च्या योजनेत 225 चौरस फूट, 2008 मध्ये 269, आणि आता 300. आकडा वाढला हे चांगलंच झालं. पण आमच्या बचत गटातल्या बायका नव्या इमारतींत गेल्या तेव्हा मी काय पाहिलं? वस्तीत दाराबाहेर चार हात ओटा होता. तिथं बसून पापड लाटणं, फॉल-बिडिंग करणं, भाजी निवडता निवडता बाळाकडे बघणं चालायचं. आठव्या मजल्यावर दार बंद, समोर अंधारा पॅसेज, पापड वाळवायला ऊन नाही, शिलाई मशीन ठेवलं तर पलंगाला जागा नाही. एकीनं मशीन विकलं. ‘‘ताई, घर पक्कं झालं, पण धंदा गेला,’’ ती म्हणाली. नकाशा काढणाऱ्यानं तिच्या घराकडे फक्त झोपायची जागा म्हणून पाहिलं होतं. तिच्यासाठी ते कारखानाही होतं.

गोष्ट फक्त कमाईची नाही, जिवाची आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या, की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा. आणि अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध त्या अभ्यासात दिसला. अशा घरात दिवसभर कोण असतं? बाई, लहान मुलं आणि म्हातारी माणसं. मग तिथं दुमडणारा पलंग बसवून काय साधणार?

नुसती मोजमापं घेऊनही भागत नाही. 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीत ‘फ्रँकफर्ट किचन’ बेतलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच. बाईची पावलं मोजून, आगगाडीतल्या स्वयंपाकडब्याच्या धर्तीवर जेमतेम दोन मीटर रुंद खोलीत सगळं हाताशी आणलं. श्रम वाचले खरे. पण पुढे टीका झाली, की त्या खोलीत दुसरं माणूस मावत नाही, बाई एकटी पडते.

चांगले धडे आपल्याकडेही आहेत. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. काही घरांच्या घोळक्यात एक सामाईक अंगण, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ऐपत आली की आपलं घर आपण वाढवायचं. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत 35 चौरस मीटरच्या लहान भूखंडावर जोतं आणि संडास-मोरी अशी सुरुवात करून दिली. पुढच्या खोल्या कुटुंबानं सवडीनं बांधाव्यात. लहान घर टिकाऊ होतं ते असं. माणसांबरोबर ते वाढू शकलं पाहिजे.

‘‘फुकट मिळतंय, वर कुरकुर कशाला?’’ असं लगेच ऐकवलं जातं. फुकट काही नसतं हो. त्या बायकांनी सोडलेल्या जमिनीवरच विक्रीचा टॉवर उभा राहतो. समोरासमोर दोन खिडक्या, दोन इमारतींत पुरेसं अंतर, मजल्यावर उन्हाचा एक सामाईक कट्टा हे लाड नव्हेत, गरजा आहेत. पत्र्याच्या पातळ भिंतींची तयार घरं आली तर आपल्या उन्हाळ्यात त्यांचा तवा होणार नाही ना, हेही आधीच विचारायला हवं.

मैत्रिणींनो, पुनर्वसनातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे होतं. म्हणजे सही तुमचीही आहे. मग नकाशाच्या बैठकीला नवऱ्याला एकट्याला पाठवू नका. नमुना घर बघायला जाल तेव्हा नळांच्या चकाकीला भुलू नका. ओट्याशी उभ्या राहा, पाठ वाकते का बघा. कपडे कुठे वाळणार, पाण्याचा पिंप कुठे राहणार, सासूबाई रात्री उठल्या तर कुणाच्या अंगावरून जाणार, हे विचारा. दिवे बंद करायला सांगा आणि भर दुपारी सुईत दोरा ओवता येतो का बघा. नाही आला, तर तिथंच तसं ठणकावून सांगा. इमारत उभी राहिल्यावर खिडकी पाडून मिळत नाही.