कुत्र्याच्या तोंडाला वास येतो तेव्हा

कुत्रं म्हटलं की तोंडाला वास यायचाच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वास वाढला की आपण त्याला सोफ्यावरून उतरवतो, मग खोलीबाहेर काढतो आणि शेवटी अंगणात बांधतो. पण निरोगी कुत्र्याच्या तोंडाला सडका वास येत नाही. येत असेल तर बहुतेक वेळा हिरड्या सुजलेल्या असतात आणि त्या दुखतही असतात.

दुखत असेल तर ओरडणार नाही का? नाही ओरडत. आपल्या घरांतल्या कुत्र्यांना ‘ये’ही कळतं आणि ‘बा’ही, पण दातदुखी ती कुठल्याच भाषेत सांगत नाहीत. जेवणही सहसा सोडत नाहीत. लक्ष ठेवलं तर मात्र ध्यानात येतं: एकाच बाजूने चावणं, घास खाली टाकून पुन्हा उचलणं, पंजाने तोंड घासणं, चघळायच्या दोरीवर रक्ताचा डाग.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मोती, ११ वर्षांचा पॉमेरेनियन. त्याच्या डोळ्याखाली सूज आली, फुटली, बसली आणि महिन्याभरात पुन्हा आली. काही तरी चावलं असेल म्हणून काकू हळद लावत राहिल्या. डॉक्टरांनी डोळ्याकडे जेमतेम पाहिलं आणि वरचा ओठ उचलला. ‘कण्णल्ल अम्मा, हल्लु!’ वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. त्या दाढेची मुळं डोळ्याच्या अगदी खाली येतात, म्हणून सूज तिथे दिसते.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. पॉमेरेनियन, पगसारख्यांच्या इवल्या जबड्यातही तेवढेच, त्यामुळे दाटीवाटी होते आणि अन्नाचे कण अडकतात. लांब तोंडाचा आपला मुधोळही यातून सुटलेला नाही. दातांवरचा चिकट थर काही दिवसांतच दगडासारखा कडक होतो. एकदा कीटण धरलं की ब्रशने निघत नाही. कडक भाकरी, जोळद रोट्टी चावून दात साफ होतात हा भ्रम आहे. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या फाकळ्या घशात आणि आतड्यात रुततात.

कीटण काढायला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि इथेच माणसं मागे फिरतात. काकूही फिरल्या होत्या, ‘या वयात भूल नको’ म्हणून. भुलीत धोका अजिबात नाही असं कुणीच म्हणणार नाही. पण आधी रक्त आणि हृदय तपासून घेतलं तर तो बराच कमी होतो. उलट पू तसाच ठेवला तर त्या जिवाला रोजचं दुखणं. भूल न देता वरवर खरवडलेले दात पांढरे दिसतात, पण खरा रोग हिरडीखाली असतो आणि तो तिथेच राहतो. ही सोय सगळ्याच दवाखान्यांत नसते, तेव्हा आधी विचारून जावं.

दवाखान्यात जाईपर्यंत घरगुती उपाय करू नयेत. आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. लवंगेचं तेलही लावू नये. आपली टूथपेस्टही नको: कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला विषारी असतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. ती नसेल तर नुसता ओला मऊ ब्रश पुरतो.

पिल्लू असतानाच सुरुवात केलेली बरी. आधी काही दिवस नुसता ओठ उचलायचा, मग बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसायचे, मग ब्रश. फक्त बाहेरची बाजू, त्यातही मागच्या दाढा. रोज एक मिनिट. मात्र हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी डॉक्टर. आमच्याकडे हे काम रात्रीच्या जेवणानंतर मुलगी करते. स्वतःचे दात घासायला तिला तीनदा सांगावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

काकू शेवटी तयार झाल्या. मोतीचे पाच दात काढले. बिन दातांचा खाणार कसा, ही त्यांची चिंता दोन आठवडेच टिकली. कुत्री आपल्यासारखी चावत बसत नाहीत, बरंचसं गिळतात. आता तो कांदा-लसूण न घातलेल्या मटणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी चाटूनपुसून खातो, आणि पुन्हा सोफ्यावर झोपतो.