तारे पाहणाऱ्या लेकरांना अर्ज भरू द्या

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेली मुले-मुली आज आपल्या चाळी-वस्त्यांतून दिसतात. त्यांपैकी एखादी मुलगी घरी सांगते, "मला खगोलशास्त्र शिकायचे आहे." मग आजी विचारते, "म्हणजे पत्रिका बघणार काय गं?" आणि वडील विचारतात, "त्यात पोट कसे भरणार?"

आजीला सांगणे सोपे आहे. पत्रिका आणि राशी म्हणजे खगोलशास्त्र नव्हे. ताऱ्याचा प्रकाश मोजून त्याचे तापमान, अंतर आणि घडण शोधणारे हे शास्त्र आहे. त्याला गणित लागते, मुहूर्त लागत नाही. वडिलांचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पहिली गोष्ट, खगोलशास्त्राची वेगळी पदवी सुरुवातीला लागत नाही. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. करणारा किंवा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग करणारा विद्यार्थीही या वाटेने जाऊ शकतो. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहा. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यांवर काचेचा आरसा नाही, बारीक तारेची जाळी आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी खर्चात हे काम उभे केले. अशा ठिकाणी शास्त्रज्ञांबरोबर इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि वर्कशॉप जाणणारी माणसेही लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. म्हणजे हे काम मराठवाड्याच्या दारात येत आहे.

दुसरी गोष्ट, पदवीच्या वर्षांतच या क्षेत्रात पाऊल टाकता येते. पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती १९८८ साली स्थापन केली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. देशभरातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना उपयोगी पडावी, हाच तिचा हेतू. तिथे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग आणि प्रकल्प होतात. आयुका आणि शेजारची एनसीआरए या संस्था मिळून हिवाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची शाळा भरवतात. तिथे लहान अँटेनाने आकाशगंगेतील हायड्रोजनचे संकेत टिपण्याचे प्रयोग मुले स्वतःच्या हाताने करतात.

मुंबईकरांना तर मानखुर्द जवळच. तिथले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राची शिबिरे घेत आले आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांसह उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. त्यात विद्यार्थी सुमारे दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. केवळ आकाशाची ओळख करून घ्यायची असेल तर मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रीची आकाशदर्शने घेते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आणि दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुका व खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते. त्या दिवशी सारे घर घेऊन जावे.

मग आपली मुले तिथे कमी का दिसतात? गुणांची अडचण नेहमीच नसते. अर्जाच्या तारखा साधारण सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान येतात आणि त्या घरात कोणी सांगत नाही. अर्जासोबत बहुधा प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते आणि आपली मुले ते मागायला बुजतात. "सर आपल्याला ओळखतही नसतील," असे त्यांना वाटते. पालकांनी सांगावे की शिफारसपत्र देणे हा प्राध्यापकांच्या कामाचाच भाग आहे; महिनाभर आधी, गुणपत्रिका हातात घेऊन, सरळ जाऊन मागावे.

तिसरी अडचण जास्त अवघड आहे. सुट्टीत मुलगा चार पैसे मिळवील, अशी घराची अपेक्षा असते. ती चूक नाही. पण निवड झालेल्यांची राहण्या-जेवणाची सोय किंवा विद्यावेतन अनेक कार्यक्रमांत असते. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय 'परवडत नाही' म्हणू नये. पुढे एम.एस्सी.साठी जॅम आणि पीएच.डी.साठी जेस्ट किंवा नेट या परीक्षा आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पोट कसे भरणार, याचे हे उत्तर. वाट लांब आहे, स्पर्धाही आहे, म्हणून बी.एस्सी. करतानाच संगणकाची प्रोग्रामिंग शिकून ठेवावी. ती या वाटेवर चालते आणि दुसऱ्या नोकरीतही वाया जात नाही.

मेघनाद साहा यांचे उदाहरण मुलांना जरूर सांगा. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, खालची समजल्या गेलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान. पुढची शाळा लांबच्या गावी. तिथे एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले. अट एवढीच, आपली भांडी आपण घासायची आणि गाय सांभाळायची. कलकत्त्याच्या वसतिगृहात जेवणाच्या पंक्तीतही त्यांना जात भोगावी लागली. त्याच साहांनी १९२० साली ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान समजण्याचे सूत्र दिले. आजही जगभरचे विद्यार्थी ते शिकतात. त्या डॉक्टरांनी वेळेवर दार उघडले नसते तर?

तेवढे दार उघडणे आपल्यालाही जमते. बी.एस्सी.ला असलेल्या शेजारच्या मुलीला अर्जाची तारीख सांगा, अर्ज भरायला बसवा, पहिल्या प्रवासाला सोबत जा. विहाराच्या फळ्यावर कार्यक्रमांबरोबर या तारखाही खडूने लिहा. निवड होईल किंवा होणार नाही. पण माहिती नव्हती म्हणून आपल्या वस्तीतला अर्ज गेलाच नाही, असे यंदा होऊ देऊ नका.