मोबाईलमधली बँक आणि आपली पत

चहाच्या टपरीवर क्यूआर कोड दिसला नाही, तरच आता नवल वाटते. एनपीसीआयने २०१६ मध्ये यूपीआय आणले. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. त्यातच बहुतांश व्यवहार फोनपे आणि गुगल पे या बिगरबँक कंपन्यांच्या अ‍ॅपवरून होतात. मग बँकांना यातून मिळते काय?

पहिली गोष्ट ठेवी. अ‍ॅप कुणाचेही असो, पैसा बँकेच्या खात्यातच असतो. रोजच्या वापरातले खाते ग्राहक सहसा बदलत नाही. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, बचत खात्यावर मुदत ठेवीपेक्षा कमी देते. असा स्वस्त पैसा ज्या बँकेकडे जास्त, तिला कर्ज कमी दरात देणे परवडते.

दुसरी गोष्ट नोंदी. टपरीवाल्याची रोजची विक्री बँकेला खात्यातच दिसते. त्यामुळे कर्ज कुणाला द्यायचे, हे ती झटपट ठरवते.

या शर्यतीत छोट्या सहकारी बँका मागे पडतात. उत्तम अ‍ॅप आणि सायबर सुरक्षेचा खर्च लाखो ग्राहकांवर विभागता आला तरच झेपतो. पतसंस्थांना तर बँकेचा परवानाच नसतो.

अर्थात ही आघाडी कायमची नाही. तंत्रज्ञानातील त्रुटींमुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेवर आणि एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेवर निर्बंध घातले. ते पुढे उठले, पण धडा स्पष्ट आहे: यंत्रणा कोलमडली की नव्या ग्राहकांची वाट बंद होते.

आपल्या समाजासाठी मुद्दा आणखी खोल आहे. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन नव्हती, त्यांच्याकडे तारणही नव्हते. व्यवहारांची नोंद हा आता पत सिद्ध करण्याचा नवा पुरावा आहे. मात्र नाक्यावर रोख मजुरी घेणारा या नोंदीत कुठेच नाही. जुनी वगळणूक नव्या यंत्रात शिरू शकते, ती अशी.

म्हणून धंद्याचे पैसे धंद्याच्या खात्यात घ्या, खातेउतारा जपून ठेवा. मुद्रा कर्जाचा अर्ज फेटाळला गेला, तर कारण लेखी मागा. आपल्या व्यवहारांवर बँका मोठ्या होत असतील, तर त्याच व्यवहारांच्या आधारे कर्ज मागणे ही याचना नव्हे.