पदक होतं म्हणून ऐकलं गेलं

२३ फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियात गांगनंगला रात्रीचे आठ, आपल्याकडे दुपारचे साडेचार. प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमधली महिला कर्लिंगची सेमीफायनल, कोरिया विरुद्ध जपान. मी सहज म्हणून लावली आणि मॅच संपेपर्यंत जागचा हललो नाही.

कर्लिंग म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. बर्फावर झाडू मारतात तोच ना? हो, तोच. जवळपास २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा, पलीकडच्या वर्तुळात मध्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचा, समोरच्याचा आड आला तर उडवायचा. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतो. दगडापुढे दोघीजणी ब्रशने बर्फ घासत पळतात, त्याने दगड थोडा लांब आणि सरळ जातो. एका 'एंड'मध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ दगड, असे १० एंड. शेवटचा दगड ज्याचा, त्याचं पारडं जड.

कोरियाने पहिल्याच एंडला तीन गुण घेतले. आठ एंडनंतर ७-४. मला वाटलं, संपली मॅच. नवव्यात जपानने दोन काढले. दहाव्यात शेवटचा दगड कोरियाचा असूनही जपानने एक गुण पळवला. ७-७, म्हणजे जादा एंड. कोरियाची कॅप्टन किम उन-जंग. गोल चष्मा, चेहऱ्यावर रेष हलत नाही, फक्त घासणाऱ्या मैत्रिणीच्या नावाने ओरडणं चालू: "यंग-मीऽऽ!" शेवटचा दगड तिच्या हातात. जपानच्या दगडापेक्षा मध्याच्या जवळ थांबला तर फायनल, नाहीतर कांस्यपदकाची मॅच. तो दगड सरकत असताना त्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत असेल असं वाटत नाही, मी तरी घेत नव्हतो. थांबला बरोबर जागेवर. ८-७. राउंड रॉबिनमध्ये कोरियाला हरवणारा एकमेव संघ हाच जपान होता, हे लक्षात घ्या म्हणजे त्या किंकाळ्यांचा अर्थ कळेल.

फायनलला स्वीडनने ८-३ असं हरवलं. तरी रौप्य. ऑलिंपिक कर्लिंगच्या फायनलपर्यंत गेलेला आशियातला तो पहिला संघ. पाचही जणींचं आडनाव किम. पाचपैकी चौघी उईसंगच्या, लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रामीण भागातल्या. म्हणून जगाने नाव ठेवलं 'गार्लिक गर्ल्स'. व्हॅक्युम क्लीनरच्या जाहिरातीतही झळकल्या. गोड गोष्ट, सगळ्यांनी शेअर केली. मीही केली.

नऊ महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, याच पाच जणींनी कोरियाच्या क्रीडा व ऑलिंपिक समितीला पत्र लिहिलं. कोच शिव्या देतात. बक्षिसाच्या पैशाचा हिशेब मिळत नाही. चाहत्यांची पत्रं आणि भेटवस्तू आधी फोडून मग आमच्या हातात येतात. कॅप्टनचं लग्न झालं म्हणून तिला बाजूला सारायचा प्रयत्न चाललाय.

कोच कोण? किम क्युंग-डू यांची मुलगी. हे गृहस्थ कोरियन कर्लिंगचे जनक म्हणवले जायचे, फेडरेशनचे माजी उपाध्यक्ष. उईसंगचं कर्लिंग सेंटर उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा. दुसरे कोच त्यांचे जावई. मुलगा पुरुषांच्या ऑलिंपिक संघात. म्हणजे मैदान त्यांचं, कोच त्यांचे, निवड त्यांच्या घरात, पैसाही त्यांच्याच हातातून. आपल्याकडच्या साखर कारखान्याची आठवण झाली ना? मलाही झाली. अशा माणसाने खेळ उभा केला हेही खरंच असतं, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध बोलणारा कृतघ्न ठरतो.

माझा मुद्दा इथे आहे. पदक आलं की आपण समजतो व्यवस्था चांगली आहे. त्या संध्याकाळी मीही तेच समजत बसलो होतो. पण या मुली त्या व्यवस्थेला न जुमानता टिकल्या होत्या. आणि पदक नसतं तर त्यांचं पत्र कुणी उघडलं असतं? उईसंगमध्ये याच बर्फावर त्यांच्याआधी आणि त्यांच्याबरोबर किती मुली खेळल्या असतील, शिव्या खाऊन गप्प घरी गेल्या असतील. त्यांच्यासाठी कॅमेरा नव्हता.

कोरियाने निदान पुढचं काम नीट केलं. क्रीडा मंत्रालय, ऑलिंपिक समिती आणि प्रांत सरकार यांनी एकत्र चौकशी केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांत, निष्कर्ष जाहीर केले. बहुतेक तक्रारी खऱ्या निघाल्या. खेळाडूंना न दिलेली रक्कम ९ कोटी वोनच्या वर. किम क्युंग-डू आधीच माफी मागून पायउतार झाले होते. संघ पुढे गांगनंग शहराकडून खेळला, २०२२ च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य आणलं. शिव्यांशिवाय खेळता येतं, एवढं तरी कळलं.

आता आपलं बघा. जानेवारी २०२३ मध्ये विनेश, साक्षी, बजरंग जंतरमंतरवर बसले. त्यांच्याकडेही पदकं होती, म्हणून तर दखल घ्यावी लागली. मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, एप्रिलमध्ये तिचा अहवाल सरकारकडे गेला. २८ मे रोजी दिल्ली पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलं. डिसेंबरमध्ये साक्षीने बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

त्या समितीचा पूर्ण अहवाल सरकारने लोकांसमोर ठेवला नाही. तालुक्याच्या तालमीत सराव करणारी, पदक नसलेली एखादी पोरगी उद्या तक्रार करायला निघाली, तर तिने नेमकं कुठे जायचं, हे तुमच्या ओळखीच्या कुठल्याही क्रीडा संघटनेच्या पदाधिकाऱ्याला विचारून बघा. काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा.