मागची सीट

आमच्या घरात वादविवाद फारसे होत नाहीत. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे माझी बोलण्याची हौस महाविद्यालयातच भागते, आणि आमची सौ. शाळेत गणित शिकवत असल्यामुळे तिला प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असते. परंतु गेल्या वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत एका प्रश्नाने आमच्या घरात जे ठाण मांडले, ते काही केल्या उठेना. प्रश्न तसा साधा होता. माझी येझदी विकावी आणि घरातल्या सगळ्यांना बसता येईल अशी एखादी चारचाकी, वापरलेली का होईना, घ्यावी की नाही?

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी येझदी परकी नाही. ‘सर, तुमची फटफटी काय म्हणते?’ असे विचारणारी पत्रे मला अधूनमधून येतात. माझ्या प्रकृतीची चौकशी करणारे पत्र मात्र अद्याप एकही आलेले नाही. ज्यांची तिच्याशी ओळख नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी १९८७ सालची, रोडकिंग. अडीचशे सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की मी कोपऱ्यावर वळलो की घरात चहाचे आधण चढे. २००४ साली नोकरीत कायम झालो त्या महिन्यात मी ती एका निवृत्त गृहस्थांकडून अकरा हजारांना घेतली. आईने तिला कुंकू लावले, नारळ फोडला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी सूनच घरात आणली होती. खरी सून पुढे दोन वर्षांनी आली, तीही ह्याच गाडीवर मागे बसून.

ह्या गाडीची एक खोड मला फार आवडे. तिच्या गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवली की तिची किक होते, आणि इंजिन सुरू झाले की तीच दांडी खाली येऊन पुन्हा गिअर टाकायला हजर! एकाच वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही काटकसर पाहून ती मला मोठी घरंदाज वाटत असे. पेट्रोलच्या बाबतीत मात्र तिने काटकसर कधी मानली नाही.

आणि नेमके तेच तिच्या वंशाला भोवले. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा बाहेर पडल्या, मग येझदी. रोडकिंग आली १९७८ साली. कॉलेजातल्या पोरांनी, फौजदारांनी आणि दूधवाल्यांनीसुद्धा ह्या गाड्यांवर जीव टाकला. पुढे १९८५ साली शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक हीरो होंडा आली. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती, आणि ती खोटी नव्हती. तेवढ्याच पेट्रोलात ती येझदीच्या दुपटीहून अधिक पळे. धूर कमी, आवाज कमी, कुरकुर कमी. लोकांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. म्हणजे जो प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे उभा होता, तो हजारो कुटुंबांनी त्यापूर्वी कितीतरी वर्षे सोडवून टाकला होता. मीच आपला मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखा अजून पेपर लिहीत बसलो होतो.

परंतु माझ्याकडेही सबळ मुद्दे होते. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा ही गाडी चार दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर ती ढकलत उद्यमनगरात नेली. आमच्या मिस्त्रींनी तिचे इंजिन उतरवले, पोटातला गाळ काढला, आणि नवव्या दिवशी तिसऱ्या किकला ती बोलली. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या जिवाला विकायचे? शिवाय केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला आहे की पन्नास वर्षे झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. आणखी काही वर्षे कळ काढली की २०३७ साली माझी येझदी सन्मानाने त्या पंक्तीत बसणार होती! हे मी घरात मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले. सौ.ने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि पुढचे वाक्य वाचले. विंटेज झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

“म्हणजे तेव्हा तुम्हीही घरी आणि तीही घरी,” ती म्हणाली.

सौ. कधीही ‘विका’ असे म्हणाली नाही. तिने एकदाच, भाजी निवडता निवडता, गणित मांडले. “अहो, घरात माणसं पाच, गाडीवर सीट दोन. बाकी किती?”

बाकी तीन हे मला मराठीचा प्राध्यापक असूनही कळत होते. पण इतकी वर्षे ती बाकी रिक्षाने, बसने आणि सौ.च्या स्कूटरने भागत आली होती. श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि मग ती भागेनाशी झाली. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी न्यायचे. रिक्षात चढताना तिचा पाय उचलून आत ठेवावा लागे. ती काही बोलत नसे, पण माझ्या दंडावरची तिची बोटे बोलत.

गणपती बसायच्या आधीची एक रात्र मला अजून आठवते. दीड वाजला असेल. आईला एकाएकी कापरे भरले आणि ताप चढला. टाक्यांच्या जागी ठणका लागला होता. रुग्णवाहिका बोलवावी इतके ते मोठे वाटत नव्हते, आणि सकाळपर्यंत थांबावे इतके लहानही नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता. फोनवर एकही रिक्षा मिळेना. मी खाली धावलो. येझदी पहिल्या किकला सुरू झाली. इतक्या पावसात, पहिल्या किकला! एरवी मी ही गोष्ट चार जणांना सांगितली असती. तीन रिक्षाथांबे पालथे घातले. शेवटी एस.टी. स्टँडापाशी एक रिक्षावाला झोपलेला सापडला. त्याला उठवून, पुढे मी आणि मागे तो, असे आम्ही घरी आलो. पाऊण तास गेला होता. आई दारातल्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती, आणि सौ. तिच्या पायांशी जमिनीवर. मला पाहताच आई म्हणाली, “भिजलास की रे पुरता.”

ताप दोन दिवसांत उतरला. माझ्या मनातून मात्र ती खुर्ची उतरेना. गाडीचा काहीच दोष नव्हता. तिने तिचे काम चोख केले होते. पण ते काम आमच्या कामाचे नव्हते.

दोन्ही गाड्या ठेवाव्यात, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण आमच्या इमारतीत दर बिऱ्हाडाला एकच जागा. तिथे चारचाकी आली की भिंतीकडेला एकच दुचाकी मावते, आणि सौ.ची स्कूटर काढायची म्हणजे तिची शाळा, मुलांचे वर्ग आणि मंडई एकदमच बंद! शिवाय पैशाचा प्रश्न होताच. एका दुकानात मी येझदी बदल्यात द्यायची म्हणून किंमत विचारली. तिथल्या तरुणाने तिच्याकडे न पाहताच “तीन हजार” म्हणून सांगितले. मी हेल्मेट घातले आणि निघालो. मग मिस्त्रींनीच इचलकरंजीचा एक मुलगा पाठवला. तो गाडीभोवती दोनदा फिरला, गुडघे टेकून इंजिनावरचा क्रमांक पाहिला आणि सत्तर हजार म्हणाला. वापरलेल्या वॅगन-आरसाठी मला तेवढेच कमी पडत होते.

मी मिस्त्रींना विचारले, “काय करू?”

ते हात पुसत म्हणाले, “सर, उभी गाडी गंजती. चालवणारा गावलाय तर द्या.”

त्या रात्री मी आईच्या खाटेशी बसलो. म्हटले, निदान ती तरी माझ्या बाजूने बोलेल. महिन्यातल्या एका रविवारी मी तिला ह्याच गाडीवरून जोतिबाला नेत असे. शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे मागे टाकायचे, केर्लीपाशी वळायचे आणि डोंगर चढायचा. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या सकाळी मोजायच्या झाल्या तर त्यांतल्या निम्म्या त्या रस्त्यावर सापडतील.

“आई, तुला आठवतंय? किती मजा यायची आपल्याला!”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, “तुला यायची रे. मी मागे बसून रामरक्षा म्हणायची. केर्ली येईतो एकदा पुरी व्हायची, आणि डोंगर चढेपर्यंत दुसऱ्यांदा.”

“इतकी भीती वाटायची? मग यायचीस कशाला?”

“तू एवढ्या हौसेनं न्यायचास. नाही कसं म्हणू?”

मी थक्क झालो. ज्या सुखाला मी वीस वर्षे आम्हां दोघांचे समजत होतो, ते पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे होते. मागच्या सीटवर माझ्या हौसेवर टाकलेला विश्वास बसला होता, मुकाट्याने, एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत. हौस करू नये असे मी म्हणणार नाही. हौसेवाचून माणसाचे आयुष्य म्हणजे नुसती जमाखर्चाची वही! पण आपल्या हौसेची किंमत आपणच मोजतो, ही समजूत मात्र बहुधा खोटी असते. मागे बसलेले कोणीतरी तिचा अर्धा हप्ता न बोलता भरत असते.

खंडेनवमीला येझदीला झेंडूचा हार घातला. दसऱ्यानंतर इचलकरंजीचा मुलगा आला. दांडी आत दाबून वर कशी फिरवायची ते मी त्याला दोनदा दाखवले. खरे तर त्याला ते येत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज ऐकू आला, आणि घरात सवयीने आधण चढले. तो चहा मी एकट्यानेच घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही पाचही जण जोतिबाला निघालो. आई मागच्या सीटवर नातवंडांच्या मध्ये बसली होती. पाय उचलून ठेवावा लागला नाही. शिवाजी पूल ओलांडल्यावर मी सहज वरच्या आरशात पाहिले, तो तिचे ओठ हलत होते.

“आई, अगं आता कसली भीती? गाडी बदलली की!”

“गाडी बदलली रे,” रामरक्षा क्षणभर थांबवून ती म्हणाली, “चालवणारा तोच आहे ना!”