टारफुल्याची चूक

अर्थ ही माणसाच्या मनाची मिरास, बाकी सजीवांत नुसती रासायनिक खटपट, असं ठासून सांगणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना एकदा सोलापूरकडच्या वैराग भागातल्या ज्वारीच्या रानात नेऊन टारफुला दाखवावा.

टारफुला हे ज्वारीच्या मुळावर जगणारं तण. त्याचं बी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहणारं. ओल आणि ऊब मिळाली तरी तेवढ्यावर ते उगवत नाही. जवळ मूळ आहे अशी खूण त्याला लागते. ती खूण म्हणजे मुळांतून पाझरणारी स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं. गंमत अशी, की ज्वारी ती टारफुल्यासाठी सोडतच नाही. मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या मित्र बुरशीला ती बोलावत असते. जपानी संशोधकांनी हे २००५ साली दाखवून दिलं. एकाला धाडलेलं पत्र दुसराच फोडून वाचतो, तसला हा प्रकार.

'यात वाचणं कुठं आलं? रेणू जागेवर बसला, बी फुटलं,' असा पूर्वपक्ष येईल. त्याला उत्तर कापसानं दिलं आहे. या वर्गातलं पहिलं द्रव्य १९६६ साली वेगळं काढलं गेलं ते कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर तर टारफुला जगत नाही. कापसाच्या मुळाशी बी फुटतं, यजमान मिळत नाही, थोड्याच दिवसांत कोंब मरतो. म्हणून तर टारफुल्याच्या रानात कापसासारखं सापळा पीक घ्यावं म्हणतात. रसायनशास्त्राच्या हिशेबी इथं काहीच चुकलेलं नाही. रेणूनं रेणूचं काम चोख केलं. तरीही चूक झाली, आणि ती बियाची झाली. चूक व्हायची तर खूण कशाची तरी असावी लागते, आणि कुणासाठी तरी असावी लागते. चार्ल्स पर्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं चिन्हाचे हेच तीन पाय सांगितले होते. धुक्याला धूर समजून डोंगरावर अग्नीचं अनुमान करणारा माणूस आपल्या नैयायिकांनी त्याच्या कितीतरी आधी पकडला होता.

फ्रिजचा थर्मोस्टॅटही चुकतो, असं कुणी म्हणेल. चुकतो, पण नासतं ते आपलं दूध, फ्रिजला त्याचं सोयरसुतक नसतं. बी मात्र चुकलं की मरतं. ते विचार करतं असा माझा दावा नाही. ज्याला काही गमावायचं आहे, त्याच्याच पदरी अर्थ पडतो, एवढंच म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. 'बघा, निसर्गाला सगळं कळतं!' म्हणत काही लोक टिटवीची अंडी मोजतात: चार अंडी, चार महिने पाऊस. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, मग भाकीत चुकणार कसं? कुत्रं जवळ येताच तिनं केलेला कलकलाट ही खरी खूण. ती तिच्या पिल्लांना उमगते. पावसाळ्याचा करार तिनं कुणाशी केलेला नाही.

सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत उपाशी वासरापुढे धान्य, गूळ, बोरं असे जिन्नस मांडून भाकणूक होते. वासरू ज्याला तोंड लावेल ते महागणार. श्रद्धेशी माझं भांडण नाही. यात्रेची शोभा त्यात आहेच. पण वासराच्या जगात गूळ म्हणजे भूक भागवणारा गोड वास. गुळाचा भाव तिथं नाही. तो आपण त्याच्या तोंडी घालतो.

माणसाचं वेगळेपण नाकारायचं कारण नाही, फक्त ते भलत्या ठिकाणी शोधू नये. खुणा सगळेच सजीव वाचतात. टारफुल्याला आपली चूक जीव देऊन फेडावी लागते आणि सुधारणा झालीच तर ती पुढच्या पिढ्यांत होते. आपल्याला मात्र खूण आणि फळ शेजारी मांडून, जिवंतपणी, 'ही खूण खोटी' असं म्हणता येतं. भाकणूक दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते. वैराग मंडळाचा पाऊस सरकारी दप्तरी नोंदला जातो, आणि गुळाचे भाव बाजार समितीच्या वहीत असतात. दहा-वीस वर्षांचे हे कागद एका टेबलावर मांडायला कुणी कुणाला अडवलेलं नाही.