वाकड्या नळीची बंदूक

बालमित्रांनो, दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवलीत ना? आमच्या चौथीच्या वर्गात त्यावरूनच विषय निघाला. मी बोलून गेले, "खरी गोळी कशी, अगदी नाकासमोर सरळ जाते!" मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, चेंडू तर हवेत वळतो. जुन्या बंदुकीची गोळी पण गोलच असायची ना?"

मी गप्प! घरी येऊन पुस्तकं काढली, तेव्हा कळलं की बाईच चुकल्या.

अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शिपायांकडे ठासणीची, चकमकीची बंदूक असे. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. बाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर रंजक टाकायची. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासे, ठिणग्या वाटीत पडत आणि आग बारीक भोकातून आत शिरे. कधी नुसतं वाटीतच भक्कन व्हायचं, गोळी आपली आतच! पावसात तर विचारूच नका.

या दारूची काजळी फार. नळी लवकर चोंदते, म्हणून गोळी मुद्दाम लहान करत. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ची नळी साधारण १९ मिलिमीटर रुंद, गोळी मात्र साडेसतरा. मग ती आतल्या आत इकडेतिकडे आपटत बाहेर यायची. शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा खेळ.

असं का होतं, हे बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितीने शोधलं. बाथ गावच्या एका शिंप्याचा हा मुलगा. त्याने काय करावं? चक्क नळीचं टोक डावीकडे वाकवलं! समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे लावले आणि बार काढला. भोकं पाहिली, तर गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे चक्क उजवीकडे वळली! वाकड्या नळीत ती उजव्या कडेला घासली होती. घासली ती बाजू मागे पडली, गोळी गरगरली आणि हवेने तिला तिकडेच ढकललं. आपल्या फिरकी चेंडूसारखंच की!

पुढे उपाय रुळला तो नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडण्याचा. तेलकट चिंधीत घट्ट बसवलेली गोळी त्यातून भोवऱ्यासारखी, पण जायच्या दिशेभोवती फिरत निघे. मग ती भरकटेना. मात्र भरायला वेळ लागे, म्हणून बहुतेक शिपायांच्या हाती जुनीच बंदूक राहिली.

हा रॉबिन्स पुढे कंपनीच्या नोकरीत किल्ले बांधायला आपल्याकडे आला आणि १७५१ साली तमिळनाडूत कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. तेव्हा तो जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक सांगितली. मग पुठ्ठ्याची नळी आणि प्लॅस्टिकचा हलका चेंडू घेऊन सगळे मैदानात गेलो. नळी झटक्याने आडवी फिरवून चेंडू भिरकावला, की तो मस्त वळतो. घरी करून बघा. फटाक्यांची दारू मात्र काढायची नाही हं! आणि आईबाबा, नळी तुम्हीही एकदा हातात घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त चेंडू वळवला, तो त्या मागच्या बाकावरच्या मुलीने.